एफएमआरआयमध्ये ०.४ टक्के बदल म्हणजे कमी का?

मेंदूवेडा:
जाणकारांनी जरा मदत करा. ३ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) स्कॅनरवर एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असतानाचा एमआरआय, केलाय. वर्किंग मेमरीचा (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरायचा) टास्क घेतलाय, ब्लॉक डिझाइन, म्हणजे एकेका प्रकारचं काम सलग टप्प्यांत. प्रीफ्रंटलमध्ये (कपाळामागचा भाग) सिग्नल ०.४ टक्के वाढलाय आणि मागे व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये (दृष्टीचा भाग) २ टक्के, पण टी व्हॅल्यू (सांख्यिकी चाचणीचा आकडा) प्रीफ्रंटलची जास्त! मग मेंदू जास्त काम कुठे करतोय म्हणायचं? रिव्ह्यूअर ०.४ ला नुसता नॉइज म्हणेल अशी धास्ती वाटतेय. पुढे तरुण आणि वयस्क गटांची तुलना पण करायचीय, वयस्कांमध्ये बदल कमी येतोय.

शीर_धमनी:
०.४ अजिबात कमी नाही, असल्या टास्कला एक टक्क्याच्या आतलेच आकडे येतात. पण पाचपट सिग्नल म्हणजे पाचपट काम हे डोक्यातून काढून टाका. बोल्ड सिग्नल, म्हणजे एफएमआरआय टिपतो तो, न्यूरॉनचं काम थेट मोजतच नाही. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, ते कमी झालं की सिग्नल वाढतो, बस. आणि ते कमी होतं कारण न्यूरॉन कामाला लागले की रक्त गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतं. फॉक्स आणि रेकल या संशोधकांनी १९८६ मध्ये पेट स्कॅनवर (किरणोत्सारी द्रव्य देऊन घेतात तो) दाखवलं होतं, बोटांना कंपनं दिली तर त्या भागातला रक्तप्रवाह सरासरी २९ टक्के वाढला आणि ऑक्सिजनचा वापर जेमतेम ५. या तफावतीवर आपला सगळा डोलारा उभा आहे. त्यात व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेतला एक छोटा ठोकळा) मोठी शीर आली की आकडा फुगतो, व्हाइट मॅटर (मेंदूतल्या तंतूंचा भाग) आलं की बसतो, इको टाइम (सिग्नल वाचायला स्कॅनर किती थांबतो ते) बदलला तरी बदलतो. म्हणून दोन वेगळ्या भागांचे टक्के एकमेकांशी ताडू नका.

बीटा_बघा:
टी व्हॅल्यूचं सांगतो. बदल किती मोठा ते टी सांगत नाही, नॉइजच्या मानाने तो किती खात्रीचा ते सांगते. त्याच माणसाचे जास्त व्हॉल्यूम (पूर्ण मेंदूच्या एकेक प्रतिमा) घ्या, टी वाढेल, टक्का तोच राहील. त्यामुळे पेपरात दोन्ही द्या, नुसते रंगीत टी मॅप छापणं मला तरी पटत नाही.

आणि टक्के काढलेत कसे ते पण लिहा, कारण बीटाला (मॉडेलमधून निघालेला टास्कच्या परिणामाचा आकडा) सरासरीने भागून शंभराने गुणलं की झालं असं नसतं, रिग्रेसरची (टास्कमुळे अपेक्षित सिग्नलचा वक्र) उंची १ नसेल तर तिनेही गुणावं लागतं, आणि छोट्या इव्हेंटच्या रिग्रेसरची उंची ब्लॉकपेक्षा बरीच कमी असू शकते. आरओआय (ज्या भागाचा सिग्नल मोजायचा तो) त्याच डेटातल्या सगळ्यात तेजस्वी व्हॉक्सेलवरून निवडला असेल तर आकडा आपसूक फुगलेला येणार.

मेंदूवेडा:
खूप आभार! आरओआय अ‍ॅटलासवरून, म्हणजे मेंदूच्या तयार नकाशावरून, घेतलाय. मग प्रत्येक गटात अवघड टास्कचा सिग्नल वजा सोप्याचा असा फरक काढून गटागटांत ताडला तर चालेल ना?

शीर_धमनी:
तेवढ्याने भागत नाही हो. वयस्कांच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसादच मंद असेल तर अवघड आणि सोपा दोन्ही त्याच पटीत खाली येतात, मग फरक पण त्याच पटीत आक्रसतो आणि इंटरॅक्शन (अवघड-सोप्याचा फरक गटागणिक वेगळा असणं) आयतं हातात येतं, न्यूरॉनमध्ये काहीही वेगळं नसताना. एका गटात अवघडला सिग्नल वाढतो आणि दुसऱ्यात घटतो असं निघालं तर मात्र नुसत्या रक्तवाहिन्यांवर ढकलता येणार नाही. शक्य असेल तर सगळ्यांचा श्वास रोखून धरण्याचा एक छोटा रन (स्कॅनची फेरी) घ्या, कार्बन डायऑक्साइड वाढला की टास्क नसतानाही रक्तप्रवाह वाढतो, त्यावरून प्रत्येकाच्या रक्तवाहिन्या किती साथ देतात ते कळतं. एएसएल (रक्तप्रवाह मोजणारा एमआरआयचा प्रकार) असेल तर तोही घ्या, आणि कॉफी कोणी कधी प्यायलं ते विचारून ठेवा, कॅफिनने मुळातला रक्तप्रवाहच कमी होतो.