म्युनिकमध्ये गोडा मसाला आणि आमसुले कशी मिळवावीत?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): माझी कन्या शिक्षणासाठी म्युनिकला असून, तेथील भारतीय दुकानांत तूरडाळ, पोहे आणि हिंग मिळत असले, तरी आमटीसाठी गोडा मसाला व आमसुले तिला सापडत नाहीत. येणाऱ्या नातलगांबरोबर काय पाठवावे?

उत्तर: तयार मसाल्याऐवजी दगडफूल आणि नागकेशर तेवढे द्यावे, कारण धणे, तीळ, सुके खोबरे, लवंग व दालचिनी तेथे सहज मिळतात आणि ताज्या भाजलेल्या मसाल्याचा वास काही निराळाच असतो. आमसुले अवश्य द्यावीत. साजूक तूप मात्र मुळीच देऊ नये (आईचे मन कितीही ओढ घेत असले तरी), कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तेथील बिनमिठाचे लोणी कढवून उत्तम तूप होते.

आणखी एक उत्तर: वरील मताशी सहमत आहे. श्रीखंडासाठी चक्का शोधण्याची गरज नाही. डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेले क्वार्क (तेथे मिळणारे घट्ट दह्यासारखे मऊ, ताजे चीज) रात्रभर फडक्यात टांगावे. खसखस तेथे निळसर काळी मिळते, त्यामुळे पांढरी हवी असल्यास भारतीय दुकानात विचारावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तुपाचा डबा सामानातून काढला आहे.