अहिराणी बोलणारी मुले शिकवणीत गप्प का बसतात?

प्रश्न (अमळनेर तालुका)
नमस्कार. मी गावातील नववी-दहावीच्या मुलामुलींची गणित व विज्ञानाची शिकवणी संध्याकाळी ७ वाजता घेतो. शंका विचारा म्हटले की सारे माना खाली घालतात, आणि कापूस वेचणी सुरू झाल्यापासून ४ पैकी ३ मुली येईनाशा झाल्या आहेत. माझे नेमके कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (शिक्षिका, शहादा)
‘माले समजनं नही’ हे ओठांवर आलेले वाक्य मूल मनातल्या मनात प्रमाण मराठीत वळवत असते, तोवर आपले पुढचे उदाहरण फळ्यावर आलेले असते. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. म्हणून ‘डोया’ लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते जसे बोलते तसे लिहिते, आणि त्यावरून कधीतरी वर्गात हसे झालेले असेल तर ते पुन्हा तोंड उघडत नाही. माझ्याकडचा एक मुलगा गुणोत्तराच्या गणितापुढे अडून बसायचा, पण किलोमागे वेचणीची मजुरी तोंडी बिनचूक सांगायचा. त्याच हिशेबावरून मी त्याला गुणोत्तर शिकवले.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, चोपडा)
शंका अहिराणीत जरूर विचारू द्याव्यात. उत्तर मात्र प्रमाण मराठीत लिहून घ्यावे, कारण बोर्डाच्या पेपरात ‘अपवर्तन’ हा शब्द आयत्या वेळी सुचत नाही. शिवाय सरांना प्रश्न विचारणे म्हणजे उलट बोलणे, असे अनेक घरांत आजही मानतात. सुरुवातीला शंका चिठ्ठीवर घ्या.

उत्तर (एक आई, धरणगाव)
मुलींचे कारण वेगळे आहे. सुटीच्या दिवशी वेचणी, एरवी शाळा, घरी आल्यावर भाकरी. त्यातून ती आली, तरी हिवाळ्यात शिकवणी सुटते तेव्हा गल्लीत अंधार असतो. एकटी परतणाऱ्या मुलीची गावात चर्चा होते, आणि त्या चर्चेच्या धास्तीने घरचे स्थळे पाहू लागतात. कायद्यातली १८ वर्षांची अट तेव्हा कोणाला आठवत नाही. वेळ सकाळची ठेवा, एखाद्या मुलीच्याच ओसरीवर बसा, आणि मुलांकडून निरोप न धाडता घरातल्या बाईमाणसाला सोबत घेऊन त्यांच्या आयांना भेटा.

प्रश्नकर्ता
ताई, मी आजवर फक्त वडिलांशीच बोलत आलो. रविवारी माझ्या आईला घेऊन तिन्ही घरी जातो. सकाळी मुलींकडे पाणी भरायचे काम असते; मग साडेसहा बरे, की सात?