चित्रानंतर लिहायला बसलं की निबंधच होतो, काय करू?

खोडरबर: थेरपी सुरू करून दोन महिने झाले. मॅडम आधी चित्र काढायला लावतात आणि लगेच त्यावर दहा मिनिटं लिहायला. चित्राचं ठीक आहे, येत नसलं तरी रंग फासतो, पण पेन हातात आलं की शाळेतला निबंध सुरू, 'हा काळा रंग म्हणजे माझी निराशा' वगैरे, आणि वाचल्यावर मलाच खोटं वाटतं. आधी लिहून मग चित्र काढलं तर चालतं का?

अर्धविराम: सेम व्हायचं माझं. अर्थ सांगायच्या भानगडीत पडूच नको, चित्रालाच बोलू दे. कोपऱ्यात डाग पडलाय ना, मग 'मी डाग, मला इथे ढकललंय' असं सुरू कर. पहिल्या दोन ओळी लिहिताना बावळट वाटतं, मग हात चालतो. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

निळीशाई: मी याच क्षेत्रात आहे. उलटा क्रमही चालतो, लिहिलेल्या कागदावरच रंग लावायचा, नको त्या ओळी झाकायच्या. बाकी लिहून उठल्यावर जड वाटलं म्हणजे काही चुकलं असं नाही. पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रातल्या संशोधकांच्या १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांनी रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस लिहिलं, आणि घडलेलं व वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच वाईटच वाटलं होतं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. फारच उसळून आलं तर मात्र तिथेच थांबा आणि मॅडमना सांगा. रंग कुठले वापरता? पेन्सिल ताब्यात राहते, वॉटरकलर आपल्या मनाने पसरतो आणि त्याच्यासोबत बरंच काही वर येतं.

खोडरबर: वॉटरकलरच! तरीच. पण चित्र अगदीच भिकार येतं हो.

अर्धविराम: येऊ दे. २०१६ चा एक अभ्यास आहे, ३९ मोठ्या माणसांनी ४५ मिनिटं मनाला येईल ते बनवलं, चारातल्या साधारण तिघांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं, आणि आधी कला येणारे न येणारे यात फरक पडला नाही.

खोडरबर: काल करून बघितलं. 'मी डाग. मला पुसायला गेला आणि मी अजून पसरलो.' एवढ्यावरच पेन खाली ठेवलं. गुरुवारी हेच दाखवतो.