रिअ‍ॅक्टिव्ह बोलिंग बॉल हुक होईनासा (वळेनासा) झालाय: तेल काढू की सँडिंग करू?

एडिसनकर
१५ पौंडी सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह बॉल, मूळ फिनिश २००० ग्रिट (आकडा जितका मोठा, तितका पृष्ठभाग गुळगुळीत). साठ-सत्तर गेम झाले असतील. लीगमध्ये ४० फुटी हाउस पॅटर्न (लेनवर तेल पसरायची सेंटरची नेहमीची रचना) असतो. ज्या रेषेवरून बॉल १-३ च्या पॉकेटमध्ये (१ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या फटीत) जायचा, तिथूनच आता ३ नंबरच्या पिनवर जाऊन आदळतो. खेळताना टॉवेलने पुसतो, त्यापलीकडे काही केलेलं नाही. स्पिनर (बॉल फिरवत घासायचं मशीन) नाही. कुणी गरम पाण्यात बुडवा म्हणतं, कुणी डिशवॉशरमध्ये टाका म्हणतं. घरच्या घरी काय करता येईल, आणि कोणत्या क्रमाने?

थंब_स्लग
यात दोन दुखणी आहेत, आधी ती वेगळी करा. रिअ‍ॅक्टिव्ह कव्हरला (बॉलच्या बाहेरच्या थराला) सूक्ष्म छिद्रं असतात, ती लेनवरचं मिनरल ऑइल शोषतात. हे एक. दुसरं, लेनवर आणि पिनांमागच्या पिटमध्ये घासून कव्हर गुळगुळीत होत जातं आणि २००० चं फिनिश बघता बघता चकाकायला लागतं. दोन्हीमुळे बॉल जास्त लांबवर घसरतो, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

बॉल दिव्याखाली तिरका धरा. ट्रॅकचा (बॉल लेनला टेकत फिरतो तो) पट्टा बाकी भागापेक्षा जास्त चमकत असेल तर सँडिंग हवं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून उबदार खोलीत रात्रभर ठेवा. सकाळी बोटाला ओशट लागलं तर आत तेल साचलंय. तुमच्या बॉलचं वय बघता दोन्ही निघेल.

आधी तेल, मग सँडिंग. उलट केलंत तर घासायचा पॅड तेलाने बुजतो आणि कापणं बंद होतं.

बादलीत तळाला जुना टॉवेल घाला, म्हणजे बॉलवर ओरखडे येणार नाहीत. पाणी ५० ते ५५ अंश सेल्सियस. तुमच्याकडे अमेरिकेत बऱ्याच घरांत वॉटर हीटर १२० फॅरेनहाइटला लावलेला असतो, म्हणजे साधारण ४९ सेल्सियस, तेवढंही चालतं. १४० फॅरेनहाइटच्या वर अजिबात नाही. कव्हर आणि गाभा सारखे प्रसरण पावत नाहीत, जोडावर ताण येतो आणि तडा जातो. भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, बॉल पूर्ण बुडू द्या. वीस मिनिटांनी पाण्यावर तेलाचा तवंग दिसेल. बॉल काढून लगेच पुसा, नाहीतर तोच तवंग परत कव्हरला लागतो. पाणी बदलून पुन्हा. दोन-तीन पाण्यांत तवंग येणं थांबतं. मग थंड पाण्याखाली धरू नका, आपोआप निवू द्या. भोकं खाली करून एक दिवस वाळवा.

डिशवॉशर, ओव्हन, हेअर ड्रायर यांचा नाद सोडा. पाण्याची उष्णता सगळीकडून सारखी लागते. यांची एकाच बाजूला जास्त लागते, आणि किती लागली ते कळतही नाही.

पिंपरी_स्ट्राइक
वरच्याला एक पुरवणी. बोटांच्या भोकांत इन्सर्ट (पकडीसाठीच्या रबरी नळ्या) चिकटवलेले असतील तर बुडवण्याआधी भोकांवर वॉटरप्रूफ टेप लावा. टेप न लावणारेही आहेत, पण गरम पाण्याने गोंद सैल होतो आणि इन्सर्ट नेमका खेळताना बाहेर येतो. टेपखाली पाणी शिरलंच तर ती लगेच काढून भोकं कोरडी करा.

११ पौंडांपर्यंतचे बॉल पाण्यावर तरंगतात. ते दर दोन-तीन मिनिटांनी फिरवावे लागतात, नाहीतर वरची टोपी कोरडीच राहते. १५ पौंडी तळाशी बसतो, ती कटकट नाही.

इथे महाराष्ट्रात करणाऱ्यांसाठी: आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळतं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या जेलचा आणि ग्लिसरिनचा थर कव्हरवर राहतो. अ‍ॅसिटोन तर नकोच, कव्हर मऊ पडतं. गीझरच्या पाण्याचा भरवसा धरू नका, थर्मामीटर घालून बघा.

आणि मॉलमधल्या सेंटरचे रॅकवरचे बॉल पॉलिएस्टरचे असतात. ते तेल जवळपास पीतच नाहीत. त्यांना ही अंघोळ घालणं म्हणजे निव्वळ पाण्याची नासाडी. स्पेअरसाठीचा (उरलेले पिन पाडायचा) तुमचा प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएस्टरचा, बॉलही अल्कोहोलने पुसला की झालं.

एडिसनकर
दोघांचेही आभार. आता सँडिंग हाताने कसं करू? पॅड कोणते घेऊ? आणि सामना चालू असताना अल्कोहोलने पुसलं तर चालतं का?

थंब_स्लग
शेवटचं आधी. १ ऑगस्ट २०१९ पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या) नियमाने सामना चालू असताना बॉलवर कोणताही द्रव चालत नाही, फक्त कोरडा टॉवेल. क्लीनर सामन्याआधी किंवा नंतर. सामना सुरू झाल्यावर पॅडने घासणं तर बंदच.

पॅड फोमच्या पाठीचे अ‍ॅब्रालॉन किंवा तत्सम घ्या: ५००, १००० आणि २०००. साधा सँडपेपर हाताने मारला की बोटांच्या दाबाचे खड्डे पडतात, फोमने दाब पसरतो. बॉल गुंडाळलेल्या टॉवेलच्या कड्यावर ठेवा. पॅड आणि बॉल दोन्ही ओले ठेवा. बॉलचे सहा भाग मनात धरा: वर, खाली आणि चार बाजू. प्रत्येक भागावर ५०० ने अर्धा मिनिट, हलक्या हाताने गोल गोल, मग आडवं-उभं. नंतर पाण्याने धुऊन १०००, पुन्हा धुऊन २०००. मधे धुतलं नाही तर ५०० ची भुकटी पुढच्या पॅडखाली येऊन खोल रेघा पाडते. थेट २००० ने सुरुवात केलीत तर ट्रॅकवरची चमक निघत नाही, फक्त वरवर धूसर दिसते.

ट्रॅक गुळगुळीत दिसतो म्हणून तेवढाच जोरात घासण्याचा मोह होतो. घासायचा तो सगळा बॉल, सारखाच.

पॅड झिजतो. बरेच बॉल घासलेला ५०० चा पॅड १००० सारखं कापतो, त्यामुळे छापलेल्या आकड्यापेक्षा बोटाला काय लागतं ते बघा.

पिंपरी_स्ट्राइक
सँडिंग केल्यावर बॉल लवकर वळून पिनपाशी मरगळला तर तो तेलाचा दोष समजून परत पाण्यात घालू नका. फिनिश लेनच्या मानाने खरखरीत झालंय, ताकद आधीच खर्च होते. अशा वेळी ३००० किंवा ४००० चा पॅड फिरवा. पॉलिशची घाई नको, पॉलिशने बॉल तेलावर फार लांब घसरतो.

बाकी मुख्य काम शेवटच्या फ्रेमनंतरच्या पाच मिनिटांत. बॉल अजून कोमट असतो आणि तेल पृष्ठभागाजवळ असतं, तेव्हाच मायक्रोफायबरवर अल्कोहोल घेऊन पुसा. घरी जाऊन पुसेपर्यंत ते आत मुरलेलं असतं. आणि बॅग गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका. न्यू जर्सीतला हिवाळा असो की आपला मे महिना, तापमानाच्या उलटसुलट झटक्यांनी बॉल तडकतो.