प्रॉक्सिमा बी: पोस्टरवर ‘दुसरी पृथ्वी’ छापायचं की नाही?

मांडवीकाठ
मे महिन्यात गोव्यातल्या काब द रामला आकाशदर्शन ठेवायचं घाटतंय. पोस्टरचा मसुदा असा: ‘प्रॉक्सिमा बी, आपल्या शेजारची दुसरी पृथ्वी! अंतर 4.24 प्रकाशवर्षं. वस्तुमान पृथ्वीच्या 1.07 पट. वर्ष 11.2 दिवसांचं. वसतियोग्य पट्ट्यात. तिचा सूर्य दुर्बिणीतून पाहा.’ खाली निळा समुद्र, हिरवी जमीन.

‘दुसरी पृथ्वी’ काहींना खटकतंय. मला नाही खटकत. पृथ्वीला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते त्याच्या सुमारे 65 टक्के या ग्रहाला त्याच्या ताऱ्याकडून मिळते. मंगळाला 43 टक्केच. तेही सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या प्रॉक्सिमा या ताऱ्याभोवती. याहून चांगला दाखला कुठला?

तांबडा_बटू
दाखला चांगला, आकडा अर्धवट. 1.07 हे *किमान* वस्तुमान आहे.

हा ग्रह कोणी पाहिलेला नाही. चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या हार्प्स वर्णपटमापकानं (ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचा वेग मोजणारं उपकरण) तारा ग्रहाच्या ओढीनं दर 11.2 दिवसांनी पुढे-मागे डोलतो हे मोजलं आणि 2016 मध्ये ग्रह जाहीर झाला. डोलण्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.4 मीटर, म्हणजे मीरामारच्या वाळूवर फेरफटका मारणाऱ्या माणसाएवढा. यात फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो, कक्षेचा कल कळत नाही. कक्षा आपल्याला कडेवरून दिसत असेल (कल 90 अंश) तरच 1.07 हा आकडा खरा. कल 60 अंश असेल तर 1.24, आणि 30 अंश असेल तर 2.14.

त्रिज्या तर मोजलेलीच नाही. त्यासाठी ग्रह ताऱ्यासमोरून जावा लागतो. स्पिट्झर दुर्बिणीनं असं अधिक्रमण शोधलं, मिळालं नाही. त्रिज्या नाही म्हणून घनता नाही. घनता नाही म्हणून खडक, पाणी की वायूचं जाड पांघरूण हे ठरत नाही. मग हिरवी जमीन कुठून आली?

फोंडेकार
बटूबाब, शंका रास्त, पण तिचं वजनही सांगा. सगळ्या दिशांच्या कक्षा सारख्याच शक्य धरल्या तर खरं वस्तुमान किमान आकड्याच्या दुपटीच्या आत असण्याची शक्यता 87 टक्के येते. कल 60 अंशांहून कमी किंवा जास्त असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तुमचा 2.14 हा टोकाकडचा आकडा झाला. चित्र काढून टाका, माझी हरकत नाही. पण ‘पृथ्वीच्या जवळपासचं वस्तुमान’ एवढं म्हणायला काय अडचण आहे?

साखळीचा_शंकेखोर
मुळात ग्रह आहे ना? 2012 मध्ये याच पद्धतीनं प्रॉक्सिमाशेजारच्या ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) या जोडताऱ्याच्या ‘ब’ घटकाभोवती 3.24 दिवसांचा ग्रह जाहीर झाला होता. 2015 मध्ये तो निरीक्षणांच्या वेळा आणि ताऱ्याची स्वतःची चळवळ यांतून उपजलेला भास ठरला.

फोंडेकार
तो इशारा लक्षात ठेवावा, पण इथे लागू पडत नाही. 2020 मध्ये एस्प्रेसो या वेगळ्या, जास्त अचूक उपकरणानं तोच 11.2 दिवसांचा आवर्तनकाळ पुन्हा पकडला. प्रॉक्सिमा स्वतःभोवती फिरायला 80–90 दिवस घेतो, म्हणजे ताऱ्यावरच्या डागांमुळे 11 दिवसांचा भास होण्याचाही प्रश्न नाही.

तांबडा_बटू
ग्रह आहे, मान्य. माझं भांडण ‘वसतियोग्य’शी. त्याचा अर्थ एवढाच की *योग्य हवा असेल तर* पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. हवाच नसेल तर सरासरी तापमान उणे 40 सेल्सिअसच्या आसपास.

आणि हवा टिकणं हीच तर अडचण. ग्रह ताऱ्यापासून 73 लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्य-बुध अंतराच्या आठव्या हिश्श्यावर. त्यात तारा भडकणारा: 1 मे 2019 च्या ज्वालेत त्याचं अतिनील तेज काही सेकंदांत 14,000 पट झालं. शिवाय प्रॉक्सिमासारखे लाल बटू (छोटे, थंड, तांबडे) तारे तरुणपणी कितीतरी जास्त तेजस्वी असतात. हा ग्रह पहिली दहा-वीस कोटी वर्षं वसतियोग्य पट्ट्याच्या *आतल्या* बाजूला, भाजत होता. पाण्याची वाफ, वाफेचे अतिनील किरणांनी तुकडे, आणि हायड्रोजन अवकाशात. ट्रॅपिस्ट-1 या तशाच ताऱ्याच्या बी आणि सी ग्रहांवर जेम्स वेब दुर्बिणीला 2023 मध्ये जाड वातावरणाची खूण मिळाली नाही.

फोंडेकार
ट्रॅपिस्ट-1 च्या बी ग्रहाला पृथ्वीच्या चौपट ऊर्जा मिळते, सी ग्रहाला दुपटीहून जास्त. प्रॉक्सिमा बीला 0.65 पट. तव्यावरच्या भाकरीवरून उतरंडीतल्या मडक्याची परीक्षा करू नका. सुरुवातीला पाणी भरपूर असेल तर काही उरलं असेल, नंतर ज्वालामुखींनी नवी हवाही सोडली असेल. हवा नाहीच असं म्हणणारा पुरावा तुमच्याकडेही नाही.

तांबडा_बटू
नाही. म्हणूनच ‘पृथ्वी’ही नको आणि ‘मृत खडक’ही नको.

काणकोणकार
तुमचं चालू द्या, पण शेवटच्या ओळीनं फजिती होणार. ‘तिचा सूर्य दुर्बिणीतून पाहा’ हे कुठल्या दुर्बिणीच्या जिवावर?

प्रॉक्सिमाची प्रत (तेजाचं माप; आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद) 11.1. काब द रामहून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त 12 अंश वर येतो आणि 10 अंशांच्या वर जेमतेम तीन तास असतो. एवढ्या खाली प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ पाचपट हवेतून येतो. मेमधल्या दमट हवेत दीड-दोन प्रती सहज जातील, म्हणजे व्यवहारात तारा तेराव्या प्रतीचा. 6 इंची दुर्बिणीत तो दिसणार नाही. 10–12 इंची हवी, आणि आकाशगंगेच्या गर्दीतून ताऱ्यांचा नकाशा हातात धरून ओळखावा लागेल. रांगेतल्या पोरांना लाल ठिपकाही धड दिसायचा नाही.

त्याऐवजी मित्र दाखवा. 15 मेच्या सुमारास रात्री साडेअकराला नेमका दक्षिणेला; उजवीकडे मित्रक (बीटा सेंटॉरी) तारा, त्याच्याही उजवीकडे त्रिशंकू. छोट्या दुर्बिणीतही मित्रचे दोन तारे सुटे होतात. मग बोट दाखवून सांगा, प्रॉक्सिमा इथून सव्वादोन अंश, खाली उजवीकडे. अमावास्येजवळची रात्र धरा. जागा काब द रामचीच ठेवा. दोनापावलाहून दक्षिणेला मुरगाव बंदराचे दिवे डोळ्यांत जातात. जूनवर ढकललंत तर पाऊस.

मांडवीकाठ
बरं, नवा मजकूर: ‘प्रॉक्सिमा बी, सूर्याशेजारच्या ताऱ्याचा ग्रह. किमान वस्तुमान पृथ्वीच्या 1.07 पट. पाणी असू शकेल एवढी ऊब; हवा आहे का, हा शोध चालू. मित्र तारा दुर्बिणीतून पाहा.’ चित्रात नुसता तांबडा तारा आणि काळा गोल.

फोंडेकार
मिळमिळीत झालं, पण चालेल.

तांबडा_बटू
‘किमान’ आकड्याच्याच टायपात छापा, खाली मुंगीच्या अक्षरांत नको. आणि तारा ग्रहावरून दिसेल तेवढा रंगवा: आपल्या सूर्याच्या तिपटीहून रुंद.