मदत हवी आहे: चार मतं हातात, पण महापौराला एकही नाही?

नऱ्हेकरीण | ५ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी,

आम्ही नऱ्ह्यात राहतो. २०२१ साली पुणे महापालिकेत जी २३ गावं गेली त्यातलं आमचं. तेव्हापासून पालिकेचे झालो खरे, पण मार्च २०२२ पासून प्रशासकच असल्यामुळे नगरसेवक निवडायची वेळ आता पहिल्यांदा येतेय. त्याआधी ग्रामपंचायतीचं मतदान माहीत होतं, तिथे सगळे चेहरे ओळखीचे.

रोज संध्याकाळी कुणीतरी दार वाजवतं, चार फोटोंचा कागद हातात देतं आणि सांगतं, "ताई, चारही आपल्यालाच, पॅनल टू पॅनल," म्हणजे चारही मतं एकाच पक्षाच्या चौकडीला. कागदावर अ, ब, क, ड, म्हणजे आमच्या प्रभागातल्या चार जागा. सासूबाई विचारतात, "यातली एक जागा ओबीसी बाईची आहे, तिला आपण मत द्यायचं की नाही?" मला छातीठोक उत्तर देता आलं नाही.

दुसरं म्हणजे माझी नणंद फुरसुंगीला असते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पालिकेतून बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तिने डिसेंबरात नगराध्यक्षाला थेट मत दिलं. आता ती मला चिडवतेय, "तुमचा महापौर कोण, ते तरी माहितीये का?" खरंच, आमचा महापौर ठरवतं कोण? १५ तारखेच्या मतदानात माझं त्यात काही चालतं का? आणि निकालानंतर मी नक्की कशावर लक्ष ठेवायचं? पेपरात वाचायला मिळतं ते फक्त कोण कुठल्या पक्षात गेला. राज्यात एका सरकारात बसणारे इथे एकमेकांसमोर उभे आहेत, त्यामुळे डोकं आणखीच गरगरतं.

कोणाला मत द्यावं हे कृपया सांगू नका. ते सांगणारे इमारतीच्या गेटवर भरपूर आहेत.

तीस_नंबर_वाडा | ५ जानेवारी

नऱ्हेकरीणबाई, आधी सासूबाईंचं उत्तर. आरक्षण उमेदवाराला असतं, मतदाराला नाही. ओबीसी महिला जागा असो की सर्वसाधारण, प्रभागातला प्रत्येक मतदार चारही जागांना मत देतो. एका जागेला एकच मत. हा गोंधळ आमच्या पेठेतही दर वेळी होतो, त्यात गाववाले-शहरवाले असं काही नाही.

यंत्रापाशी रंग बघा. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. उमेदवार थोडे असले तर एकाच यंत्रावर दोन जागांची नावं वरखाली येऊ शकतात, म्हणून "चार मशीन, चार बटणं" असं डोक्यात धरून जाऊ नका. प्रत्येक जागेच्या शेवटी नोटा, म्हणजे "यापैकी कोणीही नाही"चं बटण आहे. चारही जागांचं झाल्याशिवाय शेवटचा लांब बीप येत नाही. लोक दोन बटणं दाबून बाहेर यायला निघतात आणि केंद्रातले कर्मचारी ओरडतात, ते यामुळेच. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता नोटा दाबा, पण दाबा. आणि चिठ्ठी बाहेर पडताना दिसेल म्हणून वाट बघत थांबू नका, या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही.

वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. विधानसभेसारखे सहा धरून चालू नका.

कागदीघोडे | ५ जानेवारी

मी पालिकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे महापौराचं मी सांगतो.

पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. चाळीस प्रभाग चारचे आणि एक पाचचा. हे १६५ जण आपल्यातूनच एकाला महापौर निवडतात, हात वर करून. म्हणजे गणित ८३ चं. स्वीकृत, म्हणजे लोकांनी न निवडता नेमलेल्या नगरसेवकांना त्यात मत नसतं. महापौराची मुदत अडीच वर्षं आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, ते सोडतीने ठरतं. ती सोडत अजून निघालेली नाही. म्हणजे नणंदबाईंना सांगा, महापौर कोण हे आज आम्हालाच काय, उभ्या राहिलेल्यांनाही माहीत नाही!

नगराध्यक्ष थेट लोकांमधून, महापौर मात्र नगरसेवकांमधून, असा फरक आपल्याकडे आहे. कायदेच वेगवेगळे. पालिकेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागतो.

पण महापौर या पदाचा फार विचार करू नका. अडीच वर्षंही बहुधा एका माणसाला मिळत नाहीत, पक्ष आतल्या आत सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतात. २०१२ ते २०१७ मध्ये पुण्याने चार महापौर बघितले: वैशाली बनकर, चंचला कोद्रे, दत्तात्रय धनकवडे, प्रशांत जगताप. त्यापुढच्या खेपेला मुक्ता टिळक आणि मुरलीधर मोहोळ, दोघंच. महापौर मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा चालवतो, शहराच्या वतीने मिरवतो. कारभाराची सही आयुक्ताची, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. सोळा सदस्यांची समिती, त्यातले निम्मे दरवर्षी बदलतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी स्थायीला देतो, मग ते मुख्य सभेत येतं. मोठ्या निविदा स्थायीतच मंजूर होतात. निकालानंतर सगळे महापौरपदाच्या बातम्या वाचतील, तुम्ही स्थायीचा अध्यक्ष कोण झाला ते बघा.

नऱ्हेकरीण | ६ जानेवारी

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना रंगांचं फार आवडलं, पांढरा-गुलाबी-पिवळा-निळा पाठ चाललंय.

आता खरी अडचण. आमच्या पॅनलमधला एक माणूस चांगला आहे. टँकरच्या पाण्यासाठी, आणि गेल्या जानेवारीत सिंहगड रस्ता-किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा विहिरीचं पाणी तपासून घेण्यासाठी तो खरोखर फिरला होता. बाकीचे तिघे त्याच चिन्हावर, पण त्यांना मी फक्त फ्लेक्सवर पाहिलंय. मग त्याला एकट्याला मत देऊन बाकी तीन दुसऱ्यांना दिली तर मत "फुटतं" का? पॅनलवाले तसंच सांगतात.

मुठाकाठ | ६ जानेवारी

काही फुटत नाही ताई. प्रत्येक जागेची मोजणी स्वतंत्र. अ ला एका पक्षाला, ब ला अपक्षाला, क ला तिसऱ्याला, ड ला नोटा, सगळं वैध. फुटतं ते त्यांचं पॅनल, तुमचं मत नाही.

माझं स्पष्ट मत: माणूस बघा. चार जणांच्या प्रभागात ड्रेनेज तुंबलं की अ म्हणतो ब ला सांगा, ब म्हणतो ते काम क च्या यादीत आहे. चौघांत फोन उचलणारा एक तरी निवडून जायला हवा. आमच्याकडे मागच्या खेपेला पक्ष बघून चारही बटणं दाबली गेली, आणि पाच वर्षांत गल्लीत काय आलं तर बाकडी. प्रत्येक बाकड्यावर नाव मात्र कोरलेलं.

कागदीघोडे | ६ जानेवारी

बाकडी "स यादी"तून येतात. अंदाजपत्रकात नगरसेवकाने सुचवलेल्या कामांची यादी म्हणजे स यादी. बाकडी, कचऱ्याचे डबे, कापडी पिशव्या, नामफलक. पाच वर्षं कुणी काय केलं हे बघायचं असेल तर प्रचाराचं कार्य-अहवाल पुस्तक राहू द्या, ही यादी वाचा. अंदाजपत्रक पालिकेच्या संकेतस्थळावर असतं, जाडजूड आहे, पण आपल्या भागाचं नाव शोधलं की सापडतं.

मुठाकाठ यांच्याशी मात्र माझं पूर्ण जमत नाही. ड्रेनेज, दिवे, कचरा याला माणूस पुरतो. पण समाविष्ट गावांना पाण्याची मोठी लाइन टाकायची की नाही, मिळकतकराचं काय करायचं, हे प्रभागात ठरत नाही. ते मुख्य सभेत आणि स्थायीत ठरतं, आणि तिथे पक्षाच्या व्हिपवर, म्हणजे कुणाला मत द्यायचं या आदेशावर हात वर होतात. व्हिप मोडला तर १९८६ च्या अपात्रतेच्या कायद्याखाली पद जाऊ शकतं. निकाल लागला की विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी होते, म्हणजे कोण नगरसेवक कुठल्या पक्षगटात ते नोंदवलं जातं, अपक्षही बऱ्याचदा कुठल्यातरी गटात जाऊन बसतात. तेव्हा तुमचा तो चांगला माणूस महापौराच्या निवडणुकीत स्वतःचं मत देणार नाही, पक्षाचं देणार. हे मान्य असेल तर खुशाल द्या.

मुठाकाठ | ६ जानेवारी

घोडेसाहेब, पक्षाचा जाहीरनामा बघून मत द्यायचं तर युती-आघाडी मतदानाच्या आदल्या दिवशीपर्यंत टिकली पाहिजे ना! इथे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कोण कुठून उभं राहिलं ते आठवा.

रेवा_के | ७ जानेवारी

वादात पडत नाही, दोन कामाच्या गोष्टी सांगते. उमेदवारांची शपथपत्रं राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघता येतात. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं. मी मालमत्तेआधी "व्यवसाय" रकाना वाचते. आमच्या प्रभागात निम्मे "शेती व बांधकाम" आहेत, यावर अधिक बोलत नाही.

आणि नवले पुलावरचे अपघात थांबवू असं वचन देणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: तिथला महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, तुम्ही नगरसेवक म्हणून नक्की काय करणार? पाठपुरावा करू असं म्हणाला तर निदान खरं बोलतोय.

नऱ्हेकरीण | ८ जानेवारी

रेवा, काल संध्याकाळी दारात आलेल्यांना हाच प्रश्न विचारला. पुढचा कार्यकर्ता मागच्याकडे बघायला लागला, मागचा म्हणाला, "दादा आले की सांगतील." दादा आले नाहीत, हळदीकुंकवाचं निमंत्रण आलं. संक्रांत १४ ला आणि मतदान १५ ला, किंक्रांतीच्या दिवशी. सासूबाई म्हणतात, शुभ काम नाही ना ते, मग चालतंय.

मी ठरवलंय. एक मत त्या माणसाला, बाकी तीन शपथपत्रं वाचून. व्हिपचं कळलं, तरीही.

शेवटचा प्रश्न: सासूबाईंचं नाव विधानसभेला ज्या यादी भागात होतं तिथे आता सापडत नाहीये. त्यांना मतदान करता येईल ना?

तीस_नंबर_वाडा | ८ जानेवारी

विधानसभेचीच १ जुलै २०२५ ची यादी प्रभागवार फोडलेली आहे, म्हणून भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र तिन्ही बदलू शकतं. विधानसभेच्या संकेतस्थळावर शोधू नका. राज्य निवडणूक आयोगाच्या मतदार-शोध पानावर त्यांच्या ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. नावाने शोधलं तर "बाई" लागलं की नाही यावर गाडी अडते. नाव शेजारच्या प्रभागात निघालं तर तिकडच्या केंद्रावर जावं लागेल, हरकतींची मुदत कधीच संपली. नावापुढे दोन तारे दिसले तर ते दुबार नाव असल्याची खूण आहे, केंद्रावर जास्त चौकशी होईल, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. आणि मोबाइल घरी किंवा गाडीत, केंद्रात नेऊ देत नाहीत.

नऱ्हेकरीण | ८ जानेवारी

सापडलं! आमच्याच प्रभागात, केंद्र मात्र वेगळं, रिक्षाने जावं लागेल. तारे नाहीत. धागा वाचनमात्र केला तरी चालेल.