'सर्क्युलर इकॉनॉमी'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'स्किल'ला?

रंकाळाकाठ : मंडळी, शब्द पाहिजे. रत्नागिरीकडच्या पोरांसाठी ट्रेनिंगचं पत्रक मराठीत करायला घेतलंय, मासेमारी आणि बोटदुरुस्तीच्या धंद्यात सर्क्युलर इकॉनॉमीची कामं शिकवणारेत, म्हणजे माल फेकून न देता दुरुस्त करून, वितळवून परत परत वापरायचा. 'चक्रीय अर्थव्यवस्था' लिहिलं तर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा मेव्हणा म्हणतो, भावोजी, आमच्याकडे चक्री म्हटलं की वादळच, २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात ते 'बसरा स्टार' जहाज आमच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं ते कोण विसरणार. 'वर्तुळाकार' लिहिलं तर भूमितीचा पेपर आठवतो.

खडूफळा : वादळ राहू दे, 'चक्रीय' आधीच बुक आहे. 'चक्रीय बेकारी' म्हणजे मंदी आली की जाणारे जॉब. त्याच पत्रकात चक्रीय आणि रोजगार शेजारीशेजारी आले की झाला घोटाळा. माझं मत वर्तुळाकार.

शिरोलीवाला : आमच्या फौंड्रीत साचा मोडला की वाळू चाळून परत वापरतात, तिला 'रिटर्न वाळू' म्हणतात. रनर-रायझर, म्हणजे ओतताना साच्याच्या वाटांत उरलेला धातू, तोडून परत भट्टीत. अर्थव्यवस्था बिव्यवस्था कोण म्हणत नाही.

काहील : मग आमचं गुऱ्हाळ पण आलं की! चिपाडं वाळवायची, चुलवाणात सारायची, त्यावरच रस आटवायचा.

खडूफळा : भावा, जाळून टाकलं म्हणजे वर्तुळ कसलं, धूर गेला की वर 😄 एकदाच वापरलं ते. राख शेतात टाकलीस तर तेवढं धरू.

रंकाळाकाठ : बरं, 'स्किल'? कौशल्य म्हटलं की सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटोच डोळ्यासमोर येतो. 'कसब' लिहू का? मेव्हण्यानं फाटकं जाळं सोडवून दाखवलं तेव्हापासून तोच शब्द डोक्यात आहे. जाळं नायलॉनचं, दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा, शिवाय फ्लोट आणि शिसं, सगळं एकत्र वितळवलं तर माल वाया. ओळखायचं कसं तर बादलीत तुकडा टाकला, नायलॉन बुडालं, दोर वर तरंगला. बोटांनी चाचपून पण सांगतो तो, पण नवीन पोराला बादलीच बरी.

खडूफळा : कसब चालेल. 'कसबी' मात्र एकटं लिहू नको, जुनी माणसं वेगळाच अर्थ घेतील. 'कसबी कारागीर' असं जोडून लिही.

शिरोलीवाला : आणि 'पुनर्चक्रण' नको हं, हिंदी पाटी वाटते. जाळं सांधलं तर दुरुस्ती, वितळवून दुसरं काय केलं तर रिसायकल, दोन्हीला एकच शब्द लावला तर पोरं शिकणार काय?

रंकाळाकाठ : ठरलं, दुरुस्ती आणि रिसायकल वेगवेगळं. वरती 'वर्तुळाकार', मेव्हण्याला भूमिती चालते म्हणाला.